"कारण सापडू दे, मग सांगू" म्हणणाऱ्या कंपनीत

या वेळचं पत्र एका मुलीचं आहे. हृदयात बसवायची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत ती कंप्लेंट विभागात काम करते. तिचं नाव, कंपनीचं नाव, मॉडेल, काहीच छापत नाहीये, ते तिच्याच भल्यासाठी. पत्र थोडं छोटं केलंय.

"ताई, छातीत बसवायच्या डिफिब्रिलेटरपासून (ठोके जीवघेणे बिघडले की हृदयाला शॉक देणारं यंत्र) हृदयापर्यंत जी वायर जाते तिला लीड म्हणतात. खराब झालेल्या लीड काढल्यावर आमच्याकडे परत येतात आणि त्यांच्या फायली मी बघते. गेल्या वर्षभरात एकाच मॉडेलच्या सात आल्या आणि सातही लीडचं आवरण जवळपास एकाच जागी घासून फाटलंय. त्यातली एक वारलेल्या पेशंटची होती, तिच्यावर 'मृत्यूशी संबंध सिद्ध नाही' असा शेरा मारून फाइल बंद केली. मॅनेजर म्हणतात हजारो लीड बसवल्यात, सात म्हणजे काहीच नाही, आधी रूट कॉज, म्हणजे बिघाडाचं मूळ कारण, सापडू दे, आत्ताच डॉक्टरांना कळवलं तर पेशंट घाबरतील, घाबरून ऑपरेशन करून घेतील आणि त्यात कुणाचं बरंवाईट झालं तर ते आपल्या माथी येईल. पण नंतर मला कळलं की नवीन बॅचमध्ये ते आवरण जाड केलंय, आणि जुना स्टॉक अजून जातोच आहे. मी काय करू? माझं काम फक्त फॉर्म भरायचं आहे, घर माझ्या पगारावर चालतं, आणि मॅनेजर माणूस म्हणून वाईट नाहीयेत."

तुला जे चुकीचं वाटतंय ते चुकीचंच आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मनात धाकधूक नको. सगळ्यात जास्त चुकतंय ते तू शेवटी जाता जाता लिहिलंयस ते, जुन्या स्टॉकचं. त्यावर मी येतेच, पण त्याआधी "माझं काम फक्त फॉर्म भरायचं आहे" या वाक्याबद्दल बोलू, कारण मला वाटतं तू स्वतःला फार लहान समजतेयस आणि त्या लहान समजण्याचा फायदा वरच्यांना होतोय.

अमेरिकेत उपकरण बिघडल्याची तक्रार एफडीए या सरकारी नियामक संस्थेला कळवायची मुदत साधारण ३० दिवसांची असते, आणि ते दिवस कधीपासून मोजायचे हेही नियमात लिहिलंय. कंपनीच्या कुठल्याही कर्मचाऱ्याला ती घटना कळली की कंपनीला कळली असं धरतात. त्यात डायरेक्टर किंवा मॅनेजर असायची अट नाही, कुठलाही कर्मचारी. म्हणजे फाइल उघडून फाटलेलं आवरण बघणारी तू जिथे बसतेस, तिथेच कंपनीचं 'माहीत असणं' सुरू होतं. युरोपात गंभीर घटनेला जास्तीत जास्त १५ दिवस आहेत, मृत्यू असेल तर १०, आणि तिथे उपकरणाचा संबंध सिद्ध व्हावा लागत नाही, असू शकतो एवढं पुरे. अमेरिकेतही कुणी दगावायलाच हवं असं नाहीये, हाच बिघाड पुन्हा झाला तर जीव जाऊ शकतो किंवा गंभीर इजा होऊ शकते असं दिसलं तरी कळवायचं असतं. तुमची लीड कुठल्या देशात विकली जाते त्यावर कुठला नियम लागू होतो ते ठरेल, पण हे नियम असे का केलेत ते कुठेही बसून समजण्यासारखं आहे. 'संबंध सिद्ध नाही' हे फाइल बंद करायचं कारण होऊच शकत नाही. सिद्ध नाही म्हणूनच तर ती उघडी ठेवायची ना?

आता तुमच्या ऑफिसात जे चाललंय ते जवळपास जसंच्या तसं आधी घडून गेलंय. गायडंट नावाची मोठी अमेरिकन कंपनी होती, तिचा व्हेंटॅक प्रिझम २ डीआर नावाचा डिफिब्रिलेटर. त्यात आतल्या एका वायरवरचं इन्सुलेशन खराब व्हायचं आणि नेमकं शॉक द्यायच्या क्षणी शॉर्ट सर्किट होऊन यंत्र निकामी व्हायचं. कंपनीला हे २००२ मध्ये कळलं, त्याच वर्षी त्यांनी बनवण्यात बदल करून दोष दूर केला, आणि आधी बनवून ठेवलेली यंत्रं विकत राहिले. डॉक्टरांना सांगितलं नाही, ज्यांच्या छातीत ती आधीच होती त्यांना तर नाहीच नाही. मार्च २००५ मध्ये असं यंत्र बसवलेला २१ वर्षांचा एक विद्यार्थी मैत्रिणीबरोबर सायकल ट्रिपला गेला असताना कोसळला आणि यंत्राने त्याला वाचवलं नाही. त्याचे डॉक्टर बॅरी मॅरन आणि रॉबर्ट हाउझर यांनी कंपनीला विचारलं तेव्हा त्यांना कळलं की असं आधीही झालंय, आणि कंपनी बाकीच्या डॉक्टरांना कळवायच्या विचारात नाहीये. त्यांनी ते वर्तमानपत्राला सांगितलं, मे २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं, त्यानंतर मग रिकॉल, म्हणजे यंत्रं परत बोलावणं, वगैरे झालं. कंपनी पुढे बॉस्टन सायंटिफिकने विकत घेतली, २०१० मध्ये तिने एफडीएला माहिती न दिल्याचा आणि चुकीची दिल्याचा गुन्हा कबूल केला आणि २०११ मध्ये २९ कोटी ६० लाख डॉलरचा दंड झाला.

आणि त्यांचं म्हणणं काय होतं माहितीये? बिघाडाचं प्रमाण फार कमी आहे आणि यंत्र बदलायच्या ऑपरेशनचा धोका त्याहून जास्त आहे. तुझ्या मॅनेजरांचंच म्हणणं. गायडंटने स्वतःच नेमलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला, त्यात हेच दाखवून दिलं होतं की कळवायचं की नाही हे ठरवताना कंपनीने आकड्यांवर फार भिस्त ठेवली, पेशंटचं प्रत्यक्षात काय होईल याचा विचार कमी पडला. तिथेही माणसं राक्षस होती असं मला वाटत नाही. तुझे मॅनेजर वाईट नसतील, मी मानते. पण अशा गोष्टी बहुतेक वेळा चांगल्या माणसांच्याच हातून होतात, जो तो म्हणतो की अजून थोडी माहिती येऊ दे, पुढच्या मीटिंगमध्ये बघू, आणि तेवढ्यात वर्षं निघून जातात.

"हजारोंमध्ये सात" या हिशोबात मोठी फट आहे आणि ती तुझ्याच टेबलावर बसून सगळ्यात नीट दिसते. ज्या लीड परत आल्या त्याच मोजल्या जातायत. जिथे डॉक्टरांनी लीड बदलली आणि जुनी कचऱ्यात टाकली ती तुझ्याकडे आलीच नाही, जिथे जुनी आतच ठेवून शेजारी नवीन घातली ती पण नाही, आणि जिथे माणूस झोपेत गेला आणि सगळे म्हणाले हृदयाचाच पेशंट होता, गेला, तिथे यंत्र कुणी तपासलंच नाही. दहनाआधी यंत्र काढतात खरं, कारण बॅटरी फुटते, पण काढलेलं यंत्र कंपनीकडे पाठवून तपासून घ्यायचं किती घरांना सुचेल त्या दिवशी?

शिवाय डिफिब्रिलेटरची गोष्ट सांध्यासारखी नाहीये. कृत्रिम सांधा बिघडला की दुखतं, माणूस लंगडत डॉक्टरकडे जातो, तक्रार आपोआप होते. डिफिब्रिलेटर वर्षानुवर्षं गप्प बसायलाच बसवलेला असतो, त्याची गरज लागते त्या एका क्षणी तो चालला नाही तर तक्रार करायला माणूसच उरत नाही. कधीकधी उलट होतं, लीड तुटली की यंत्राला भलताच सिग्नल जातो आणि धडधाकट बसलेल्या माणसाला शॉकवर शॉक बसतात, अशा वेळी निदान कळतं तरी. अशा उपकरणात सात तक्रारी आल्या याचा अर्थ सातच बिघाड झाले असा काढणं मला फार धाडसाचं वाटतं.

पेशंट घाबरतील हा मुद्दा मात्र मी झटकणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. लीड काढणं हे मोठं काम आहे, ती वर्षानुवर्षं शिरेला आणि हृदयाला चिकटलेली असते, काढताना शीर किंवा हृदय फाटू शकतं, माणूस ऑपरेशन टेबलावरच दगावू शकतो. पण म्हणून सांगायचंच नाही, ही उडी कुठून आली? मेडट्रॉनिक कंपनीच्या स्प्रिंट फिडेलिस लीड घे. त्या तुटत होत्या, ऑक्टोबर २००७ मध्ये विक्री थांबवली तोपर्यंत जगभरात साधारण २ लाख ६८ हजार बसवून झाल्या होत्या, आणि तेव्हा सल्ला काय दिला गेला, तर चांगली चालणारी लीड सरसकट काढू नका. यंत्राचं सेटिंग बदला, लीडमध्ये गडबड दिसली तर वेळीच इशारा मिळेल असं करा, आणि पेशंटवर लक्ष ठेवा. म्हणजे सांगितलं आणि काढलं पण नाही, दोन्ही एकदम जमलं. (तिथेही धोक्याची घंटा वाजवणाऱ्यांत हाउझर होतेच. कंपनीचं मार्च २००७ चं पत्र मात्र लीड बसवायच्या पद्धतीवर बोट ठेवणारं होतं. डॉक्टरने नीट बसवलं नसेल, हे फार पटकन सुचतं सगळ्यांना.)

तुझ्या केसच्या आणखी जवळचं म्हणजे सेंट ज्यूड कंपनीच्या रियाटा लीड. त्यांचं सिलिकोनचं आवरण आतून घासलं जाऊन वायर बाहेर यायच्या. २०१० च्या शेवटी विक्री बंद झाली, २०११ मध्ये एफडीएने सगळ्यात गंभीर वर्गाचा रिकॉल ठरवला, आणि २०१२ मध्ये सांगितलं की ज्यांना या लीड आहेत त्यांचं एक्स-रे किंवा तसं इमेजिंग करून बघा. डॉक्टरांना माहीतच नसतं तर कुणी कशाला काढला असता फोटो? ते लपवून कंपनी पेशंटला ऑपरेशनपासून वाचवत नसते, तपासणीपासून लांब ठेवत असते.

आणि धोका घ्यायचा की नाही हे ज्याच्या छातीत ते आहे त्याने डॉक्टरशी बोलून ठरवायचं असतं. ब्यॉर्क-शायली नावाची हृदयाची झडप होती, १९७९ ते १९८६ विकली गेली, साधारण ८६ हजार बसवल्या, तिचा वेल्ड केलेला दांडा तुटायचा आणि तुटला की बहुतेकदा माणूस जायचा. बदलायचं म्हटलं तर पुन्हा ओपन हार्ट सर्जरी. पुढे माहिती उघड्यावर आली, अभ्यास झाले आणि कळलं की मोठ्या साइजच्या झडपांना आणि तरुण पेशंटना धोका जास्त आहे, मग कुणी बदलावी आणि कुणी राहू द्यावी हे माणसागणिक ठरवता आलं. कंपनीने बंद खोलीत सगळ्यांच्या वतीने एकच निर्णय घेऊन टाकला असता तर ते कधीच जमलं नसतं.

रूट कॉजचं सांगायचं तर, कारण शोधायलाच हवं, त्याशिवाय दुरुस्ती कशी करणार. पण कारण शोधणं आणि इशारा देणं ही दोन कामं एकदम चालू शकतात, एक संपल्यावर दुसरं असं नसतं. 'या मॉडेलचं आवरण या जागी घासतंय असं आम्हाला दिसतंय, कारण अजून शोधतोय, तोपर्यंत या या गोष्टी तपासा' एवढं पत्र लिहायला रूट कॉज लागत नाही. डेप्यू कंपनीच्या एएसआर या धातूवर धातू घासणाऱ्या खुब्याच्या सांध्याचं बघ, ऑस्ट्रेलियात सांधे बदलाची राष्ट्रीय नोंदवही आहे, तिच्यात हा सांधा पुन्हा काढावा लागण्याचं प्रमाण जास्त दिसत होतं, तिथे २००९ च्या अखेरीला तो बाजारातून काढला आणि जगभरातून परत बोलावला ऑगस्ट २०१० मध्ये. तोपर्यंत सुमारे ९३ हजार लोकांना बसला होता, आणि ब्रिटनच्या नोंदवहीत पाच वर्षांत साधारण १२ ते १३ टक्के लोकांचं पुन्हा ऑपरेशन झालेलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या माणसासाठी जो सांधा नको तो त्यानंतरच्या महिन्यांत दुसऱ्या देशातल्या माणसासाठी कसा चालतो, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

आता स्टॉक. आवरण जाड केलं, म्हणजे कुणीतरी बसून ठरवलं की आहे ते पुरेसं नाहीये. डिझाइनमधला असा बदल उगाच होत नाही, त्याला कागद लागतात, कारण लिहावं लागतं, सह्या लागतात. तो कागद कंपनीत कुठेतरी आहेच. आणि तो सही झाल्यानंतर जी प्रत्येक जुनी लीड गोडाउनमधून बाहेर पडतेय ती जाणूनबुजून बाहेर पडतेय. आधीच्या सातांबद्दल कंपनी म्हणू शकते की आम्हाला माहीत नव्हतं, उद्या जी बसेल तिच्याबद्दल नाही म्हणू शकत. पेशंट घाबरतील हेही इथे चालत नाही, कारण ज्याला अजून बसवलीच नाही त्याला घाबरवायचा प्रश्न कुठे येतो, त्याला फक्त दुसरी लीड द्यायची आहे! हे इतकं साधं आहे की मला वाटतं तू सुरुवात इथूनच करावी.

मग करायचं काय. मॅनेजरना मेल लिही, तोंडी आता पुरे. मेलमध्ये रागाचा एकही शब्द नको, 'लपवताय', 'गुन्हा' असलं काही नको, फक्त तक्रार क्रमांक, तारखा, आवरण कुठे फाटलंय ते, आणि तीन साधे प्रश्न: या सातांचा एकत्र विचार करून ट्रेंड म्हणून नोंद झालीय का, नियामकाला कळवायचं की नाही हा निर्णय कुणी आणि कशाच्या आधारावर घेतला, आणि जुना स्टॉक होल्डवर टाकलाय का. कॉपीमध्ये क्वालिटी हेड आणि रेग्युलेटरी विभाग. तुमच्याकडे मेडिकल सेफ्टी बघणारे डॉक्टर असतील तर त्यांनाही, खरं तर त्यांना आधी, कारण तुझे मॅनेजर सात हा आकडा बघतायत आणि डॉक्टर त्या सात माणसांच्या जागी काय झालं असेल ते बघतील. असा मेल आला की माणसांना उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा गाडी इथेच हलते, कारण मॅनेजरांनाही कुणीतरी हे कागदावर आणावं असं आतून वाटत असू शकतं.

कंप्लेंट बंद करताना जो कोड टाकायचा असतो तो चुकीचा टाकू नकोस, कुणी सांगितलं तरी. 'हाताळणीतली चूक' किंवा 'दोष आढळला नाही' असं तुला पटत नसेल तर सही करू नकोस, नम्रपणे सांग की मला हे असं लिहिता येत नाही, तुम्हाला योग्य वाटत असेल तर तुम्ही सही करा. यात तू कुणाशी भांडत नाहीस. आणि ती वारलेल्या पेशंटची फाइल पुन्हा उघडावी अशी लेखी विनंती कर, बाकीच्या सहा आता समोर आहेत एवढं कारण पुरेसं आहे.

घरच्या मेलवर फायली पाठवू नकोस, पेशंटची नावं असलेला एकही कागद बाहेर नेऊ नकोस, फोटो काढू नकोस. ती माहिती पेशंटची आहे, आणि उद्या वाद झाला तर मूळ प्रश्न बाजूला राहून हिने डेटा चोरला एवढंच बोललं जाईल. स्वतःच्या वहीत मात्र रोज लिही, कुणाला काय सांगितलं, काय उत्तर आलं, तारखेसकट, पेशंटची ओळख न लिहिता.

ठरावीक दिवसांत, समज दोन आठवड्यांत, स्टॉकबद्दल तरी सरळ उत्तर आलं नाही, तर कंपनीशी संबंध नसलेल्या एखाद्या वकिलाकडे जा आणि तुमच्या देशात अशी माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणारा कायदा काय आहे, तो कुठे माहिती दिली तर लागू होतो, हे नीट समजून घे. हे बहुतेकांना उशिरा कळतं, की संरक्षण कुणाला सांगितलं यावर अवलंबून असू शकतं, नियामकाला सांगणं आणि पत्रकाराला सांगणं कायद्यात सारखं नसेल. त्यानंतर नियामकाकडे तू स्वतः जाऊ शकतेस. नोकरीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, अशा प्रकरणात लोकांनी नोकऱ्या गमावल्यात, म्हणूनच म्हणतेय की पायरी पायरीने जा, आणि प्रत्येक पायरीला तुझा कागद मागे ठेवून जा. दुसरीकडे अर्ज करायला आत्ताच सुरुवात केलीस तर त्यात पळपुटेपणा काही नाही, हातात दुसरी नोकरी असलेली माणसं जास्त स्पष्ट बोलू शकतात.

तू विचारलं नाहीस पण कंपनीने पत्र पाठवायचं ठरवलंच तर मसुदा तुझ्या नजरेखालून जाईल कदाचित, म्हणून सांगते, की नुसतं पत्र पाठवून जबाबदारी संपत नाही. सिरियल नंबरवरून माणूस शोधून काढायचा, त्याच्या डॉक्टरपर्यंत निरोप पोचला की नाही हे बघायचं, तपासण्यांचा खर्च द्यायचा, लीड बदलावी लागली तर नुसती नवीन लीड फुकट देऊन मोकळं व्हायचं नाही. ऑपरेशन, हॉस्पिटल, बुडालेला रोजगार, हे सगळं त्या लीडमुळेच झालेलं असतं ना? आणि ते देताना 'कुठे बोलणार नाही' अशी सही मागायची नाही, कारण एकाचं तोंड बंद केलं की पुढच्याला कळायचा रस्ता बंद होतो. जी कंपनी माणसाच्या शरीरात वस्तू ठेवते तिचं नातं बिल फाडल्यावर संपत नाही. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने स्तनांच्या इम्प्लांटमध्ये औद्योगिक सिलिकोन भरलं, २०१० मध्ये ते उघड झालं आणि कंपनी बुडाली, शेवटी तिथल्या सुमारे ३० हजार बायकांना ते इम्प्लांट काढून घ्यायचे असतील तर त्याचा खर्च उचलायची तयारी सरकारने दाखवली. सेकंड साइट कंपनीने अंधांना थोडंफार दिसावं म्हणून डोळ्यात बसवायचं आर्गस २ बनवणं २०१९ मध्ये थांबवलं आणि पुढच्या वर्षी कंपनी जवळजवळ बंदच पडली, तेव्हा साडेतीनशेहून जास्त लोकांच्या डोळ्यात ते होतं, बिघडलं तर दुरुस्त करायला कुणी नाही. असे पैसे आधीच बाजूला काढून ठेवायला लावले पाहिजेत असं माझं ठाम मत आहे, पण तो तुझ्या एकटीच्या हातातला विषय नाही.

तुझ्या हातातलं एक मात्र आहे आणि ते याच आठवड्यात कर. तपासून झालेल्या लीड ठरावीक काळाने नष्ट करायची यादी बहुतेक कंपन्यांत असते. त्या सात लीड त्या यादीत आहेत का ते आधी बघ, असतील तर मेलमध्ये चौथा प्रश्न तोच टाक, आणि या लीड बाहेरच्या, कंपनीशी संबंध नसलेल्या लॅबकडून तपासून होईपर्यंत नष्ट करू नयेत असं लेखी माग. उत्तर काय येतं ते मला कळव.